पात्यावरचा अंगठा

बाबा गेले त्याच्या सहाव्या दिवशी आईने दुकानाची आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. सुतकात दुकान उघडत नाहीत. पण बकरी ईद चार दिवसांवर आली होती आणि गल्लीतल्या खाटीक चाचांच्या अकरा सुऱ्या तयार होऊन कपाटात होत्या.

"ह्यांनी चाचांना शब्द दिलाय," आई म्हणाली. "एवढं करून ये."

निजामपुऱ्यातलं आमचं दुकान सुऱ्यांना धार आणि पॉलिश करून देणारं. बाबांचा हट्ट एकच, पॉलिश झालेल्या पात्याला बोट लागता कामा नये. मूठ धरायची, पातं मऊ कापडाने पुसायचं, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवायचा आणि गुंडाळून ठेवायचं. कापड शेजारच्या यंत्रमागावरचंच, पण तीनदा धुऊन खळ काढलेलं. खळ ओल धरते, म्हणायचे. लहानपणी एकदा पात्यात तोंड बघायला मी ते बोटांनी धरलं, तर म्हणाले, "सही केलीस का? चार दिवसांनी ये वाचायला." आणि चार दिवसांनी माझी बोटं तिथे खरोखर तांबूस उमटली होती.

मी पहिली सुरी उलगडली. पात्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता, गंजत चाललेला, त्यातली रेषान् रेष दिसत होती. दुसरी उलगडली. तिच्यावरही. अकराच्या अकरा.

कोणीतरी दुसऱ्याने हात लावला असेल, असंच मनात आलं. पण कपाटाची किल्ली बाबांच्या जानव्याला असायची. मग लाज वाटली. या सुऱ्या अशाच गेल्या तर गल्ली काय म्हणेल? मी पॉलिशची पूड घेतली आणि एकेक पातं घासत बसले. दुपारपर्यंत एक डाग राहू दिला नाही.

चाचा आले. एक सुरी त्यांनी उजेडात धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"ही कुनी पुसली?"

"मी. माफ करा चाचा, डाग होते."

"डाग व्हते ते म्हाईत हाय मला. गेल्या ईदलाबी व्हते." त्यांनी सुरी खाली ठेवली. "बेटी, तुझ्या बापाला दिसत न्हवतं. पॉलिश बसली का न्हाय, ते अंगठा टेकवून बघायचा. आमी घरी नेऊन पुसून घ्यायचो. त्याला कशाला सांगायचं?"

मी उरलेल्या सुऱ्या गुंडाळायला घेतल्या.

"तुला म्हाईत न्हाय? एका घरात ऱ्हाता ना?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. रोज सकाळी निघण्यापूर्वी बाबा मला पेपर मोठ्याने वाचायला लावत. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, म्हणत. दोन वर्षं मी वाचत होते, आणि दोन वर्षं मला माझ्या वाचनाचं कौतुक वाटत होतं.

"चाचा, गेल्या वर्षीची एखादी सुरी... न पुसलेली?"

त्यांनी मान हलवली. "समद्या चकाचक केल्या, बेटी."

त्यांनी अकराही सुऱ्या नेल्या. घासायचं कापड माझ्या मांडीवर तसंच होतं, गंजाने आणि पुडीने काळं झालेलं. मी ते झटकलं नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि दुकानाला कुलूप लावलं.