परळच्या मैदानातून ठाण्याला

आधी माफी मागतो. आमच्या घरी गावाला पत्र पाठवायचं तर चाळीतल्या एका मास्तरांकडून लिहून घ्यावं लागे. मी कॉलेजात गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माझं लेखन म्हणाल तर एवढंच. स्वतःच्या घरातली गोष्ट परक्यांनी वाचावी म्हणून लिहिणं हा आगाऊपणा आहे, असं मला अजूनही वाटतं. म्हणून कुणाचं नाव घालत नाही. चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागच्या चाळीत आमची एक खोली, आणि तिच्यात बाबा, आई, थोरला भाऊ, वहिनी, मी आणि धाकटी बहीण. बाबा आणि दादा एकाच गिरणीत, दोघेही साच्यावर कापड विणायला. मी गिरगावातल्या कॉलेजात जायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे मला कुणी काही सांगितलं की 'नाही' म्हणायचं असतं हे ठाऊकच नव्हतं.

दादाचं दुखणं आमच्या उशिरा लक्षात आलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. तो म्हणू लागला, माझ्यावर पाळत आहे, जिन्याखाली माणूस उभा असतो. त्या दिवसांत चळवळीतल्या माणसांवर पाळत असायचीच. शेजारच्या चाळीतून दोघांना पहाटे उचलून नेलं होतं. म्हणून आम्ही त्याला सांगत राहिलो, सांभाळून राहा, खिडकी लाव. तो खिडकी लावून बसला. मग दार लावलं. मग वहिनीच्या हातचं पाणी पिईना. तेव्हा बाबांनी त्याला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि चाळीत सांगितलं, गावी पाठवलाय, शेती बघायला.

"ठाण्याचा नाव ह्या घरात कोणी काढूचा नाय," बाबा म्हणाले. ते रागावले की मालवणीवर येत. गावी गेलेल्या माणसाची बायको मुंबईत कशी, हे नळावर बायका वहिनीला विचारत. ती म्हणे, "शेत लहान आहे, दोघांचं काम नाही."

वर्ष उलटलं. वहिनी आणि मी अधूनमधून दादाला भेटून येत असू, बाबांना न सांगता. एका भेटीत तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की दादा बरा आहे, घरी नेता येईल, मात्र न्यायला वडिलांनी यायला हवं. मी बाबांना घाबरत घाबरत सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. बहिणीला नायगावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिवडीला गोदामात कारकून, पसंती झालेली, सुपारी फोडायची राहिलेली. बाबा म्हणाले, "आधी तिचं होऊ दे." स्थळ काही पुढे सरकत नव्हतं, मोडतही नव्हतं. आणि बरा झालेला माझा भाऊ वेड्यांमध्ये बसून होता.

अशात आमच्या सरांनी मला बोलावलं. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. त्यांनी आणि काही डॉक्टरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं: जे रुग्ण बरे झाले पण ज्यांना न्यायला घरचं कुणी आलं नाही, त्यांच्यासाठी. अशांना बाहेर राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. पांघरुणं, कपडे, भांडी गोळा करायची होती. लोकांचं लक्ष वेधावं म्हणून गिरगावातून ठाण्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं असं ठरलं होतं, पण बंदीहुकूम होता. रस्त्यावरून दहा माणसं एका दिशेने निघाली की तो मोर्चा धरला जाई. तेव्हा सरांना एक युक्ती सुचली. आमच्या भागात तेव्हा कुणी ना कुणी मैदानात अखंड सायकल चालवत असे, खाली पाय न टेकता, गळ्यात हार घालून. तसंच एकाच माणसाने मैदानात गोल चालायचं, गिरगाव ते ठाणे आणि परत, तेवढंच अंतर.

"तू रोज लालबागहून चालत येतोस ना?" सर म्हणाले. "तुझ्याशिवाय कोण?"

नाही म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. कारण एकच होतं. मी हो म्हणालो.

घरी सांगितलं की कॉलेजची शर्यत आहे. रविवारी पहाटे परळच्या मैदानात चालायला लागलो. चुन्याच्या फक्कीने आखलेलं रिंगण, एका कडेला एक खाट, तिच्यावर लोकांनी जुनेर, गोधडी, जे असेल ते आणून ठेवायचं. सरांनी कापडावर सगळं नीट लिहून आणलं होतं, पण ते खाटेमागे बांधलेलं, आणि वाचायला कोण जवळ जातंय? वर्गातला एक मित्र पत्र्याचा भोंगा घेऊन बसला होता. ठरावीक फेऱ्या झाल्या की तो ओरडे, "भायखळा आलं!" मग "दादर आलं!" सायनला मला पाणी मिळालं. थांबायचं नाही हा नियम होता, त्यामुळे ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने माझ्याबरोबर चालायचं.

मैदानाच्या चारही बाजूंना चाळी. गॅलरीतून दात घासत लोक बघत होते. "अहो कॉलेजकुमार, जमीन झिजली तर मालक भाडं मागेल!" एकाने वरून सांगितलं. दुसरा म्हणाला, "झिजू दे रे, तेवढाच त्याचा अभ्यास!" मीही हसलो. तोवर बरं चाललं होतं.

कुर्ला यायच्या सुमारास आमच्या चाळीतले एक काका आले. गिरणीत मुकादम, चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. बाबा त्यांना फार मानत. त्यांच्याबरोबर आमच्याच चाळीतली माणसं होती. काकांनी चालत्या चालत्या माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि मागे वळून ओरडले, "आपल्या चाळीचा पोरगा! महाराष्ट्रासाठी चालतोय!" झालं, घोषणा सुरू झाल्या. माझ्यामागे माणसं चालू लागली. कोपऱ्यावर उभा असलेला हवालदार काठी काखेत मारून आत आला आणि माझ्याबरोबर चालू लागला.

"काय रे, परवानगी कुणाची?"

"मी एकटाच चालतोय, साहेब. एकट्याला लागत नाही असं सर म्हणाले."

"एकटा? मग ही मागे काय, तुझी वरात?"

"ते मला माहीत नाही, साहेब."

"कशासाठी चालतोस ते तरी माहीत आहे का?"

"सांग त्याला!" काका मागून म्हणाले. "छाती काढून सांग! महाराष्ट्रासाठी!"

मी सरांकडे पाहिलं. ते रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथे पोचायला अर्धी फेरी लागली असती. महाराष्ट्रासाठी म्हणालो तर हवालदार चालणं बंद करणार. आणि ठाण्याचं खरं सांगितलं तर चाळ माझ्या मागेच होती.

"ठाण्याच्या इस्पितळातल्या रुग्णांसाठी," मी म्हणालो.

घोषणा थांबल्या. मग कुणीतरी खो-खो हसलं.

"वेड्यांसाठी? अरे, इथे शहाण्यांना पांघरुणं नाहीत!"

"हवालदार, ह्यालाच न्या तिकडे! चालायची तरी दगदग वाचेल!"

हवालदारही हसला. काकांना मात्र ते फार लागलं. ते माझ्या बरोबरीने आले. त्यांचा श्वास चढला होता.

"माणसं तुरुंगात खितपत पडलीत, आणि तू वेड्यांसाठी पाय झिजवतोस? कोण लागतो रे तुझा तिथे?"

"माझा भाऊ."

हे मी ठरवून बोललो असतो तर मला अभिमान वाटला असता. तसं नव्हतं. चालणारा माणूस विचारलेल्याचं उत्तर देऊन मोकळा होतो, एवढंच.

"तो गावी आहे ना?" काका हळू आवाजात म्हणाले.

"नाही, काका."

ते माझ्याबरोबर आणखी थोडं चालले. मग रिंगणाबाहेर पडले आणि त्यांच्यामागून बाकीचेही. "चालू दे ह्याचं," हवालदार म्हणाला. "गर्दी नको." आणि तोही गेला.

मला तेव्हा पळून जायचं होतं. कुठेही, शिवडीच्या खाडीत गेलो असतो तरी चाललं असतं. पण मी फक्कीच्या रेघेवरून गोल चालत होतो आणि सगळी वस्ती वरून बघत होती. प्रत्येक फेरीला आणखी एका गॅलरीत माणसं कठड्याला येऊन उभी असलेली दिसत. माझं वाक्य माझ्या पुढे चाललं होतं. एक म्हातारी खाली उतरून खाटेवर गोधडी ठेवून गेली, माझ्याकडे न बघता. मला वाटत होतं, आता नायगावला पोचलं असेल. आता त्यांनी निरोप पाठवला असेल.

ऊन चढल्यावर बहीण आली. परकराचा ओचा धरून ती माझ्याबरोबर चालू लागली.

"बाबांना कळलं," ती म्हणाली. "काका येऊन सांगून गेले."

"काय म्हणाले?"

"काही नाही. टोपी घातली. वहिनीला म्हणाले, चल. आणि दोघं उतरले."

"कुठे गेले?"

"सांगितलं नाही. मला वाटतं, नायगावला. पाया पडायला." तिने ओचा सावरला. "वहिनीला कशाला नेलं पण?"

मी म्हणालो, "बाय, तुझं लग्न मी मोडलं."

"मोडलं तर मोडलं," ती म्हणाली. "मला त्या माणसाचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. दादाचा आठवतो." मग एकदम म्हणाली, "तुझी चप्पल तुटत आलीय," आणि डोळे पुसत निघून गेली.

"ठाणे आलं!" मित्र भोंग्यातून ओरडला. ठरल्याप्रमाणे मी वळलो आणि उलट्या दिशेने चालायला लागलो. परतीचा रस्ता. सर टाळ्या वाजवत होते, त्यांच्याबरोबर वर्गातली मुलंही. आतापर्यंत डाव्या हाताला असलेल्या चाळी उजव्या हाताला आल्या, बाकी सगळं तेच. पायांचं दुखणं एका जागी राहत नव्हतं. बाबा नायगावला कुणाच्या तरी दारात टोपी काढून उभे आहेत, हे मला सारखं दिसत होतं. दर फेरीला मी फाटकाकडे बघायचो. तिथे कुणी नसायचं. सर एकदा बरोबर चालले आणि म्हणाले, "मला आधी सांगायचंस. मी तुला उभंच केलं नसतं." मी म्हणालो, "म्हणूनच नाही सांगितलं, सर." ते खरं होतं की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

दिवेलागणीला, पुन्हा दादर आलं होतं तेव्हा, वहिनी फाटकातून आत आली. एकटीच. हातात कापडी पिशवी. ती रिंगणात उतरली. मी वेग कमी केला तर म्हणाली, "थांबू नका, भावजी. मी येते बरोबर."

"बाबा कुठे आहेत?"

"घरी सोडलं. पडलेत. बरे आहेत."

"नायगावचे काय म्हणाले?"

"नायगाव?" तिला क्षणभर कळेना. "नायगावला नाही गेलो. मामंजी मला ठाण्याला घेऊन गेले."

माझे पाय थांबत आले होते हे मला मित्राच्या ओरडण्यावरून कळलं. "पुढे, पुढे!" तो भोंग्यातून म्हणत होता.

"दादा कुठे आहे मग?"

वहिनीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आत धुतलेला सदरा आणि धोतर होतं, घडी न मोडलेलं.

"चांगले आहेत. मला म्हणाले, किती बारीक झालीस. मामंजींच्या पाया पडले. मामंजी म्हणाले, उठ, घराक चल. उठलेसुद्धा. दारापर्यंत आले. तिथे त्यांनी विचारलं, बायचं लग्न झालं काय? मामंजी म्हणाले, नाही अजून. तर परत जाऊन बाकावर बसले."

"बाबांनी सांगितलं नाही? की आता सगळ्यांना ठाऊक झालंय?"

"मामंजींच्या तोंडून शब्द फुटेना. मी सांगायला गेले, तर मामंजींनी माझा हात धरला." तिने पदर सारखा केला. "आणि तुमचे दादा त्यांना समजावत होते. अगदी शांतपणे, पूर्वी बोलायचे तसे. म्हणाले, 'आधी तिचा लगीन होऊ दे. माझा नाव निघाला तर सोयरीक मोडात. मगे मी आपणहून येतंय.'"