बुधवारचा लेख आणि बबनरावांचा उजवा हात

आमच्या डिपार्टमेंटमध्ये पेशंटच्या फायली बंद होतात, किस्से काही बंद होत नाहीत. चहाला चौघं जमलो की एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने "तो नको, आधी तो सांग" म्हणायचं, आणि चहा थंड! आमचं खातं ऑक्युपेशनल थेरपीचं. म्हणजे पॅरालिसिस झालेल्या माणसाला अंघोळ, जेवण, कामधंदा पुन्हा जमावा म्हणून धडपडायचं. निम्मे किस्से पैठणच्या बबनरावांचे, उरलेले खरात मॅडमच्या नियमाचे.

खरात मॅडम आमच्या हेड. दर बुधवारी एकाने संशोधनाचा एक लेख वाचून सांगायचा आणि पुढच्या बुधवारच्या आत त्यातली एक तरी गोष्ट एखाद्या पेशंटसोबत करून दाखवायची, हा त्यांचा नियम. नुसतं वाचून "छान आहे" म्हटलं की विचारायच्या, "कुणासाठी छान आहे?"

*

पहिली पाळी माझी. लेखाचं सार असं, की हात सुधारायचा तर पेशंटला भोकांत खुंट्या घालायला बसवू नका, त्याला हवं असलेलं खरं काम करायला लावा. मी जोशात खुंट्यांचा बोर्ड कपाटात टाकला आणि कुलूपच लावलं!

बबनराव पैठणी विणणारे. पॅरालिसिसच्या झटक्यात उजवा हात लुळा पडलेला. दिवसाआड एसटीने मुलासोबत यायचे. मुलगा गणेश चितेगावच्या कंपनीत. त्याने घरात सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत हात चालला नाही, तर माग विकायचा. त्यामुळे बबनरावांना एकेक दिवस मोलाचा. त्या दिवशी मी त्यांना शर्टाची बटणं लावायला दिली. दहा मिनिटं ते झगडले, मग उठले आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"बाई लई चांगल्या हायेत साहेब, पण त्यांनी इलाज बंद केलाय. बटणं तर आमच्या घरी मंडळी लावती."

मला बोलावणं आलं. मी लेख घेऊनच गेले आणि सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ह्यांना बटण लावायचं होतं?"

ते मी विचारलंच नव्हतं!

*

पुढचा बुधवार इम्रानचा. हा माझा सहकारी, शहागंजचा, वाचायला एकदम तयार. त्याने आणलेल्या लेखात लिहिलं होतं की हात आखडू नये म्हणून सरसकट सगळ्यांना रात्रभर स्प्लिंट बांधून फारसा फायदा दिसत नाही. स्प्लिंट म्हणजे हाताला आधार देणारा साचा, आणि तो बनवण्यात खरात मॅडमचा हात अख्ख्या मराठवाड्यात कुणी धरणार नाही. बबनरावांचा स्प्लिंटही त्यांनीच केलेला. इम्रान वाचत गेला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला.

मॅडम म्हणाल्या, पुन्हा वाच. त्याने वाचला.

"लेख बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तो आधी का वाचला नाही, याचा राग येतोय मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बबनरावांची माफी मागितली आणि स्प्लिंट आता बांधू नका म्हणून सांगितलं. बबनरावांचा चेहरा उजळला. ते हळूच म्हणाले की पहिला आठवडा सोडला तर तो त्यांनी कधी बांधलाच नव्हता!

*

मग मात्र आम्ही त्यांना विचारलं, काय करायचंय? त्यांना विणायचं होतं. आम्ही लाकडी चौकटीला दोरे ताणून बांधले आणि रेशीम गुंडाळलेल्या छोट्या कांड्या दोऱ्यांतून आरपार न्यायला लावलं. दर खेपेला शेकडो वेळा! हात चालू लागला, डोळ्यांना दिसत होतं. पण टेस्टचा आकडा हलेना. टेस्ट साधी. पेटीच्या मधोमध फळी असते, एका मिनिटात फळीवरून पलीकडे किती ठोकळे टाकले ते मोजायचं.

तीन आठवडे तोच आकडा. इम्रान रडकुंडीला आला. "मॅडम, चाचा का हात चलरा, स्कोर बढताच नै."

मॅडमनी पेटीत वाकून पाहिलं. ठोकळे ओळीने मांडलेले. लाल, हिरवा, पिवळा, पुन्हा लाल. बबनराव पैठणीचा काठ भरत होते!

"मग रंग काय कुठंबी टाकायचे व्हय?" ते म्हणाले.

आमच्या फॉर्ममध्ये ह्याला रकाना नव्हता. मी मात्र आनंदाने फॉर्मच हवेत उडवला.

*

शेवटचा लेख मॅडमनी आणला. सराव माणसाच्या स्वतःच्या जागी, त्याच्या स्वतःच्या अवजारांवर करून घ्यावा, असं त्यात होतं. शनिवारी आम्ही तिघं एसटीने पैठणला. दिवाळी आठ दिवसांवर आलेली.

घरात शिरलो तर गणेश एका माणसाला माग दाखवत होता. माग घ्यायला आलेलं गिऱ्हाईक! मी बोलणार तेवढ्यात मॅडमनी डोळ्यांनीच गप्प केलं.

माग सहा महिने बंद आहे, चालतो तरी का, असं गिऱ्हाईक विचारत होतं. गणेशला विणता येत नव्हतं. बबनराव पुढे झाले, म्हणाले, चालवून दाखवतो. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. आजारी पडले त्या दिवशीची अर्धी पैठणी तशीच मागावर होती. उजव्या हाताने त्यांनी कांडी उचलली. ती सुटली. पुन्हा उचलली, पुन्हा सुटली. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग एकदा ती धाग्यांतून पलीकडे गेली. तिच्यामागून दुसऱ्या रंगाची गेली. इम्रानने बॅग छातीशी घट्ट धरली होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, "माग चांगला हाय. मग कधी नेऊ?"

बबनरावांनी मान वर केली नाही.

"आत्ता कसा न्याल? मोराचा गळा अर्धा राहिलाय."