थोरल्या मामांचं व्याकरण

इंग्रजी भाषेची चिखलीत झाली तेवढी विटंबना जगात कुठंच झाली नसेल, आणि तिचं सुतक एकट्यानं पाळणारा माझ्या थोरल्या मामांसारखा माणूसही दुसरा नसेल. मामा जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या मते, हरून घरी आले. "माझा कझिन ब्रदर" ऐकलं की ते डोळे मिटत. "कझिन म्हटल्यावर ब्रदर काऊन लागते बे?" बसस्टँडवर एकानं अदबीनं "युवर गुड नेम, सर?" विचारलं, तेव्हा म्हणाले, "होतं. या गावात इंग्रजी शिकवून घालवलं." एका लग्नात माइकवरून "ऑल प्लीज टेक डिनर फास्टली" अशी विनंती झाली आणि मामा भरल्या ताटावरून उठले. मामी मागून "अहो, जिलबी तरी खा" म्हणत राहिली.

अशा माणसाच्या मुलीनं बीबी गावचा, ठिबकच्या नळ्यांचं दुकान असलेला मुलगा पसंत केला. तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "आय कॅन एबल टू कीप हर हॅपी." मामांनी स्थळ तिथंच मोडलं. पण माझी मामेबहीण त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, "बाबा, मले त्याच्यासंग संसार मांडायचा हाय, ग्रामर नाही." लग्न झालं. मामा जावयाशी हवापाण्यापलीकडं बोलले नाहीत, तेही मराठीत.

पुढं एका उन्हाळ्यात मामांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणारा माणूस छताकडं बघत पडून राहिला. डॉक्टरांनी आशा सोडली, आम्हीही. जावई मात्र दुकान बंद करून बीबीहून येई, उशाशी बसे आणि सासऱ्यांना आवडते म्हणून जमेल तशा इंग्रजीत दिवसभराचं सांगे. मामा डोळे मिटून घेत. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा, टुडे आय डिड नॉट वेंट टू शॉप." मामांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि शब्द फुटला, "गो... गो!"

मामी रडायलाच लागली. "अहो, जवाई हाये आपला! त्याले जा काऊन म्हणता?"

जावयाचे डोळे भरून आले होते. "आई, ते मले हाकलून नाही राह्यले. माह्यं वेंट चुकलं. डिड नॉट गो पाह्यजे."

मामांनी मान हलवली.

वाचा पुरती आलीच नाही. तहान लागली तर अजून खूण करतात; कुणी 'अ अवर' म्हटलं तर 'अॅन अवर' मात्र स्पष्ट म्हणतात. परवा गेलो तेव्हा जावई बराच वेळ बोलत होता, आणि सगळं बरोबर. इतक्या दिवसांत तोही शिकला होता. मामा त्याच्या तोंडाकडं बघत चुकीची वाट पाहत बसले होते. बघता बघता त्यांची मान खाली गेली. जावई निघायला उठला, थबकला, आणि जवळ वाकून म्हणाला, "बाबा, टुमारो आय केम."

मामांनी मान वर केली. वाकड्या ओठांनी, सावकाश म्हणाले, "विल... कम."