काजळ भरलेला भांग

"पोर चांगली शे, पन भांग भलता रुंद शे."

एरंडोलची आत्या स्वयंपाकघरात आईला हे सांगत होती आणि मी दाराआड साडीच्या निऱ्यांशी झगडत होते. भांग माझाच होता. वर्षापूर्वी टायफॉइड झाला, ताप उतरला आणि मग केस उतरायला लागले. "तापानंतर गळतात, बहुतेकांचे परत येतात," असं डॉक्टर म्हणाले होते. त्या बहुतेकांत मी नव्हते. रोज सकाळी आई मोरीत यायच्या आत मी जाळीवरचा गुंता उचलून टाकायचे. (तिला तो दिसायचाच. आम्ही दोघी त्यावर बोलायचो नाही.)

आता तासाभरात धुळ्याची मंडळी मला पाहायला येणार होती. जळगावातली मे महिन्याची दुपार होती.

आत्यानं उपाय काढला : काजळ! आईनं एरंडेल तेलात घरी केलेलं काजळ तिनं बोटानं माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंना चोपडलं. लांबून केस खरोखरच दाट दिसले. जवळून मी नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्यासारखी दिसत होते.

"पण त्यांना सांगायला नको का? न्हाल्यावर कळेलच की," मी म्हणाले.

"लगीन व्हयनं का मंग पोरले कोन परत धाडस?" आत्या म्हणाली.

आईनं राहिलेली एक फट आपल्या बोटानं भरली. ती बोटाचं काजळ फडक्याला पुसत राहिली. जन्मभर कुणाच्या तरी घरात भांग लपवत फिरायचं, ते मला नको होतं. कुणीतरी माझ्या वतीनं खरं सांगून टाकावं, एवढंच मला हवं होतं. मी स्वतः सांगणं शक्यच नव्हतं. इंग्रजी शाळेत घातल्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले होते.

मंडळी आली. मी पोह्यांचा ट्रे ठेवला आणि लाईट गेली. पंखा थांबला. माझ्या टाळूवर काहीतरी हलायला लागलं!

"नानांच्या पाया पड," आत्या म्हणाली.

नाना म्हणजे मुलाचे वडील. मी वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकवून तोंडभर आशीर्वाद दिला, मग टोपी काढून त्याच हातानं डोक्यावरचा घाम पुसला. नानांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. (त्यांना त्याबद्दल कुणी कधी विचारलं नसावं.) तुळतुळीत टकलावर काळी चार बोटं उमटली!

मी दचकून मागे सरले.

"आता मावशींच्या!" आत्यानं मला पुढे ढकललं.

मुलाच्या मावशींनी आशीर्वाद दिला आणि ओठावरचा घाम टिपला. त्यांना मिशी आली. मग मुलाच्या आईनं मला जवळ बसवून दोन्ही हातांनी गोंजारलं आणि मोतिया साडीचा पदर सारखा केला!

"अहो! डोक्याला काय फासून बसलात?" त्या नानांकडे बघून ओरडल्या.

"मी? आधी तुझे हात बघ!"

"पंख्याचं ग्रीस गळतं कधी कधी," माझे बाबा म्हणाले.

"स्टोव्हची काजळी असेल," आई त्याच क्षणाला म्हणाली.

"हो, स्टोव्हचंच ग्रीस," बाबांनी सावरून घेतलं.

सगळे छताकडे बघू लागले. मी मात्र आईकडे पाहिलं. काळं झालेलं बोट तिनं मुठीत लपवलं होतं आणि तिचे डोळे भरून आले होते. आता ती माझ्यासाठी तिसरं काहीतरी खोटं शोधत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग कुणाचा तरी मोठा आवाज आला. तो माझाच होता.

"ग्रीस नाही, काजळ आहे. तापानंतर माझे केस गेले, ते अजून आलेले नाहीत. जेवढं खोटं होतं ते तुम्हाला लागलंय. डोक्यावर उरलंय तेवढंच माझं!"