इमारतीचं नाव मोठ्याने

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत अहवाल पाठवायचा होता, आणि साडेतीन वाजून गेले तरी हेडबाईंनी त्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी तक्ता आखूनच पाठवला होता. कंपनीचे फायदे, कंपनीचे तोटे, कर्मचाऱ्यांचे फायदे, कर्मचाऱ्यांचे तोटे. प्रत्येक रकान्यात तीन मुद्दे, कमी नाहीत, जास्त नाहीत. तक्रार कक्ष कायमचा घरून चालवायचा की सगळ्यांना परत ऑफिसातल्या खोलीत बसवायचं, हे त्या बारा मुद्द्यांवर ठरणार होतं. घरून चालवायचं ठरलं तर खोली महिनाअखेर सोडून द्यायची. वाईटपणा घ्यायची वेळ आली की साहेबांना नेमका हेडबाईंचा अनुभव आठवायचा.

अनुभव होता, यात शंका नाही. लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. लिफ्ट अडली, कुरकुरली, नुसती हलली तरी लोक ज्या नंबरवर फोन करून ओरडतात, त्या नंबरच्या दुसऱ्या टोकाला त्या आणि त्यांची सहा माणसं. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. खोलीत त्यांचा एकच नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. फोन घेतला की इमारतीचं नाव मोठ्याने म्हणायचं. फोनवरच्या माणसासाठी नव्हे, खोलीसाठी. मग कोपऱ्यातून कोणीतरी मान न वळवता म्हणे, "सकाळी मलाही तिथूनच आला होता." दोन तक्रारी जुळल्या की हेडबाई मेकॅनिकला हातातलं काम टाकून तिकडे पिटाळत. बाहेरून येणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटे, पण त्या गोंगाटावर अख्ख्या शहराच्या लिफ्ट चालल्या होत्या.

मग ऑफिसच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आणि सहा महिन्यांसाठी म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. दुरुस्ती केव्हाच संपली, पण परत बोलवायचं कोणाच्या मनात येईना. बघता बघता दीड वर्ष झालं. घरी बसून इमारतीचं नाव मोठ्याने कोणाला ऐकवणार? पहिल्या आठवड्यात चष्मेवाल्याने, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या सगळ्यात जुन्या माणसाने, ऐकवून पाहिलं. त्याचं तान्हं बाळ दचकून उठलं आणि बायकोने दोन दिवस अबोला धरला. महिन्याभरात नियम बुडाला, आणि हेडबाईंनीही त्याकडे कानाडोळा केला.

सोय झाली होती, हे कशाला नाकारायचं? रोजचे जाण्यायेण्याचे अडीच तास वाचले. चष्मेवाल्याची पाठ दुखायची थांबली. नवी मुलगी तर दुसऱ्याच गावात राहणारी. खोलीत येऊन बसायची अट असती तर तिला ही नोकरी लागलीच नसती. खोली सोडली की कंपनीचंही भाडं, वीज, चहा सगळं वाचणार होतं. आणि हेडबाईंच्या घरी बाबा होते.

बाबा गणिताचे मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. पाढा चुकला की पोरांना वर्गाबाहेर काढणाऱ्या माणसाला 'पाणी' म्हणायला तीन श्वास लागू लागले. हेडबाई ऑफिसला जात तेव्हा दिवसभर एक सांभाळणारी बाई येत असे. ती धाकट्या भावाने लावून दिली होती आणि हेडबाई घरून काम करू लागल्याच्या पंधराव्या दिवशी त्यानेच ती बंद केली. विचारलंसुद्धा नाही. पुढे बाबा काठी घेऊन घरभर चालू लागले, तुटक का होईना पण वाक्य बोलू लागले. हे सगळं आपण घरात आहोत म्हणून झालं, अशी हेडबाईंची ठाम समजूत होती. खोली परत उघडली तर बाबा दिवसभर एकटे, हा विचार त्यांना नकोसा व्हायचा.

तरी घरी बसून काम करणं म्हणजे डोक्याला थोडाथोडका ताप नव्हता. मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सलं यांच्या दारात. गॅसची टाकी यायची असली की वरची शेजारीण किल्ली यांच्या गळ्यात मारून खुशाल बाहेर. भावजय शिंप्याकडचे कपडे इथे मागवायची आणि फोनवर विचारायची, "बाही नीट बसवलीय का, जरा बघता का, ताई?" साहेब जेवणाच्या वेळेलाच मीटिंग लावायचे, कारण जेवण घरातच आहे म्हटल्यावर घाई कसली? शेवटी हेडबाई दार लावून, कानांवर हेडफोन चढवून बसू लागल्या. त्याशिवाय काम होणंच शक्य नव्हतं.

आणि त्या मंगळवारी व्हायचं ते झालं.

बाजाराजवळ एक सहा मजली इमारत आहे. खाली दातांचा दवाखाना, म्हणून खोलीत सगळे तिला दातवाली म्हणत. आठ दिवसांत तिथून तीन फोन आले. चष्मेवाल्याला कळलं की लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. नव्या मुलीला कळलं की थांबताना खर्र आवाज येतो. तिसऱ्याला कळलं की धक्का बसतो. तिघांनी पत्ता तीन तऱ्हेने लिहिला आणि कॉम्प्युटरवर 'किरकोळ' अशी नोंद करून पुढचा फोन घेतला. खोलीत हे तीन फोन आले असते तर तिसऱ्या फोनला कोणीही सांगितलं असतं की ब्रेक निकामी होत चाललाय. मंगळवारी दुपारी लिफ्ट घसरली आणि चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधे अडकली. आत सत्तरी उलटलेले एक आजोबा, एकटे.

लिफ्टमधला फोन हेडबाईंना लागला. मेकॅनिक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तो पोहोचेपर्यंत दीड तास त्या आजोबांशी बोलत राहिल्या. खाली बसून घ्या, कॉलरचं बटण काढा, नातवंडं किती, मोठी काय शिकते. "घाबरू नका, मी इथेच आहे," असं त्यांनी कितीदा म्हटलं कोणास ठाऊक. आजोबा सुखरूप बाहेर आले आणि आल्या आल्या त्यांनी कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या. त्यातली एकही वावगी नव्हती.

बुधवारी हेडबाईंनी तिन्ही तक्रारी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या आणि चष्मेवाल्याला फोन लावला.

"दातवाली तुला ओळखता आली नाही?"

"आली ना, हेडबाई. पण मला एकच तक्रार आली. ती एकटी किरकोळच होती."

माणूस खोटं बोलत नव्हता.

शुक्रवारी पावणेचारला साहेबांचा फोन आला. "मंगळवारचं त्यात घालू नका हं. एखादा अपवाद व्हायचाच. आणि बाई, तुमची घरची सोय मी जाणतो. म्हणून तर तुम्हाला लिहायला सांगितलं."

हेडबाईंचा संताप झाला. साहेबांचा राग आला, आणि साहेब म्हणतात ते आपल्याला हवंच आहे याचा जास्त आला. त्यांनी रकाने भराभरा भरले. कंपनीच्या तोट्यांत लिहिलं की सहकाऱ्यांच्या गाठीभेटी कमी होतात. इतकं गुळमुळीत वाक्य त्यांनी उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या फायद्यांत पहिलाच मुद्दा लिहिला: घरातल्या आजारी माणसाकडे पूर्ण लक्ष देता येतं. निदान हे तरी खरं आहे, असं मनाशी म्हणत त्या चहा करायला उठल्या.

बाबा खुर्चीत बसले होते. कप घ्यायला त्यांनी डावा हात पुढे केला, बाही वर सरकली आणि कोपरापासून खाली हातभर काळंनिळं दिसलं.

"हे काय? कधी लागलं?"

बाबांनी शब्द गोळा केले. "मंगळवारी. बाथरूमच्या... दारात. पडलो."

"आणि मला हाक नाही मारलीत?"

"मारली... तीनदा."

हेडबाईंनी कप खाली ठेवला.

"तू... सांगत होतीस... कोणाला तरी," बाबा म्हणाले. "मी इथेच आहे... म्हणून."

"मग?"

"मग काय. उठलो. भिंत धरून. चाळीस... मिनिटं."

आकडा त्यांनी मास्तरांच्या चोखपणाने सांगितला. आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर हेडबाईंना काहीतरी उत्तर देता आलं असतं, सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? त्यांनी बाबांच्या हाताला मलम लावलं, बाही खाली केली आणि आत जाऊन तक्ता उघडला. आजारी माणसाचा मुद्दा खोडला. गाठीभेटींचा खोडला. त्या जागी मंगळवार लिहिला, चार बोटं, खर्र आवाज, धक्का, सगळं जसंच्या तसं, आणि खाली लिहिलं की हा कक्ष एका खोलीत बसला नाही तर पुढच्या वेळी माणूस जिवंत निघेलच असं नाही. नव्या मुलीला कंपनीने लांबून करता येईल असं दुसरं काम द्यावं, तिचा यात दोष नाही, हेही लिहिलं. तीन मुद्द्यांच्या जागेत अकरा ओळी झाल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना अहवाल गेला. साहेब काय ठरवायचं ते ठरवोत, खोलीची किल्ली अजून हेडबाईंच्याच पर्समध्ये होती.

मग त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला.

"सोमवारपासून मी ऑफिसला जाणार. बाबांजवळ दिवसभर माणूस हवं. उद्या सकाळी ये, दोघं मिळून ठरवू."

भाऊ गोंधळला. "अगं, एकदम काय झालं? दीड वर्ष छान चाललं होतं की. तू घरात होतीस त्यांच्याजवळ."

"नव्हते," हेडबाई म्हणाल्या.