दोरे बांधलेली पुस्तकं

सन एकोणीसशे ब्याऐंशीच्या सुमारास चांदे गावात कुणाला उडता घोडा, पाताळातलं राज्य नाहीतर ढगावरचं शहर हवं असेल, तर त्याला एकच पत्ता सांगितला जाई. बुद्धविहारातलं लाकडी कपाट आणि त्याच्यापुढं सतरंजीवर बसलेली केशरबाई. कुठल्या माणसाच्या हातात कुठलं जादूचं पुस्तक द्यावं, हे आपल्याइतकं सबंध मुळशी तालुक्यात कुणालाच कळत नाही, असं ती स्वतःच्या तोंडानं सांगायची. सांगायची ते खरंच होतं, त्यामुळं कुणी हसायचं नाही.

गंमत अशी की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ही बाई अंगठेबहाद्दर होती. पावसाळ्यात लोकांच्या खाचरांत भात लावायची, उन्हाळ्यात लोकांच्या वाकळा शिवायची. मग ज्ञानदेव मास्तरांनी विहारात प्रौढांचा वर्ग काढला. मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कडक माणूस, पण शिकवायला लागल्यापासून वस्ती त्यांना मास्तर म्हणू लागली. वर्गाला पंधरा बायका आल्या, महिन्याभरात अकरा गळाल्या. उरलेल्या चौघींत केशरबाई अशी सुटली, की सहा महिन्यांत दुकानाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकेना.

तिचा नवरा दामू पुण्यात एका रद्दीच्या दुकानात ओझी उचलायचा. कव्हर गेलेली, पानं सुटलेली पुस्तकं मालक त्याला तशीच देऊन टाकी. "ने, चुलीला होतील," म्हणे. केशरबाईनं त्यातलं एक पान चुलीत घातलं असेल तर शपथ. वाकळ शिवायच्या सुईनं तिनं पानं टाचली, खळ लावून पुठ्ठे चिकटवले आणि विहारातलं मोकळं कपाट मास्तरांकडून मागून घेतलं. मास्तरांनीही कौतुकानं दिलं. आत काय वाचायचं आहे, हे मात्र त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही.

कव्हरंच नाहीत म्हटल्यावर पुस्तकांना नावं कुठून असणार? मग ओळखायची कशी? केशरबाईनं जुन्या लुगड्यांचे दोरे उसवले आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला एकेक बांधला. तांबडा दोरा म्हणजे आत राक्षस आहे, भित्र्यानं नेऊ नये. हिरवा म्हणजे गोष्ट दुसऱ्याच जगात घडते, तिथले कायदे वेगळे, सांभाळून जावं. पिवळा म्हणजे सगळे सुखरूप घरी येतात. आणि काळा म्हणजे जीव लावलेलं कुणीतरी शेवटी मरतं, रडायची तयारी असेल तरच उघडावं. बत्तीस पुस्तकं आणि बत्तीस दोरे.

पण दोरा झाला खुणेपुरता. खरी निवड ती माणसाचं तोंड बघून करायची. गेणबा म्हणून एक म्हशीवाला होता, त्याच्या आज्याचं गाव मुळशीच्या धरणात बुडालेलं. त्याला तिनं मागितलं नसताना पाण्याखालच्या नगरीचं पुस्तक दिलं. चार दिवसांनी गेणबा आला नि दारातच उभा राहून म्हणाला, "केशरबाई, तितं खाली दिवं लागत्यात गं. माणसं जेवायला बसत्यात." एवढं बोलून तो गेला. केशरबाईला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना माशी शिंकली.

वरच्या आळीत आक्काबाईंचं घर. शेतीवाडीचं, मानाचं. त्यांची नात चंद्रा सातवीत होती आणि विहारातून पुस्तकं न्यायची. आक्काबाईंना ते फारसं पसंत नव्हतं, पण पोर ऐकायची नाही. त्या श्रावणात चंद्राला हिवताप चढला. पौडाच्या डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या. ताप दोन दिवसांनी उतरेल असं तो म्हणाला होता. पण धीर धरतील त्या आक्काबाई कसल्या! नातीच्या उशाला पुस्तक, पुस्तकाला काळा दोरा, आणि आत, पोरीनंच सांगितलेलं, सगळी जादू. आक्काबाईंनी तो दोरा सोडला आणि चंद्राच्या मनगटाला बांधला. ताप दोन दिवसांनी उतरला.

झालं! डॉक्टर राहिला बाजूला आणि दोऱ्याचा डंका वाजला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या नांदे गावच्या दोघी जणी विहाराच्या पायरीवर नारळ घेऊन हजर. "काळ्या दोऱ्याची बाई हितंच बसती का?" केशरबाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं दोघींना असं फैलावर घेतलं, की त्या नारळ तिथंच टाकून पळाल्या. पण नेमका तो नारळ ज्ञानदेव मास्तरांनी पाहिला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि का जाऊ नये? छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्या दिवशी या माणसानं घरातला एकूणएक गंडा, ताईत, दोरा नदीत सोडला होता. त्यांची आई तापानं गेली, तेव्हा बापानं डॉक्टर न आणता देवऋषी बसवला होता, आणि तिला मूठमाती दिली तेव्हाही तिच्या हाताला काळा दोरा होता. हे अवघ्या वस्तीला ठाऊक होतं. मास्तर स्वतः मात्र त्यावर कधी एक शब्द बोलले नव्हते.

रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं.

"बाबासाहेबांनी आपल्याला ह्याच्यातनं बाहेर काढलं," ते म्हणाले. "आन आज विहारात दोरं वाटायला लागलो आपण. केशरबाई, लिहायवाचायला मी तुमाला ह्याच्यासाठी शिकवलं का?"

केशरबाईचा चेहरा उतरला. ज्यानं अक्षर दिलं त्याच माणसानं चारचौघांत असं विचारावं, हे तिला फार लागलं. पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. तिनं कपाटातून कात्री काढली आणि सगळ्यांच्या देखत, पुस्तकामागून पुस्तक घेत, सगळे दोरे कचाकचा कापून टाकले.

"दोरं गेलं," ती म्हणाली. "चूक माजी. आपल्या लोकांत दोरा म्हणलं की काय आठवतं, हे माज्या ध्यानात यायला पायजे हुतं. पर पुस्तकं जाणार न्हाईत, मास्तर."

"जादू, चेटूक, राक्षस! समदं खोटं. पुस्तकंबी रद्दीत घाला."

"एक तरी वाचलंय का तुमी?"

मास्तरांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई," मास्तर म्हणाले. खोटं बोलणारा माणूसच नव्हता तो.

"मग एक वाचा. मी देती ते. फुडच्या रविवारी म्हणालात रद्दीत घाला, तर मी सोता डोक्यावर घेऊन दुकानात टाकून येती. बत्तीसच्या बत्तीस."

मास्तरांनी हात पुढं केला. "द्या."

"उद्या देती. इचार करू द्या."

घरी आल्यावर सल्ले देणाऱ्यांची काय कमी! शेजारची गोजराबाई म्हणाली, "सगळी घरला येत्यात ते दे गं बाई. म्हाताऱ्याला बरं वाटंल." दामू म्हणाला, "मांत्रिकाची फजिती हुती ना एकात? ते दे. खूश हुईल बघ गडी." दामूचं म्हणणं शहाणपणाचं होतं. ते पुस्तक दिलं असतं तर मास्तरांनी मान हलवली असती, आणि कपाट वाचलं असतं. केशरबाईला हे कळत होतं. पण मास्तरांना आधीच पटलेलं तेच पुन्हा वाचायला द्यायचं, तर आपली निवड ती काय? चार वर्षं आपण लोकांच्या तोंडावरची भूक वाचत आलो, आणि ज्यानं वाचायला शिकवलं त्यालाच खुशामतीचं पुस्तक द्यायचं? छे. तिच्या मनालाच ते रुचेना.

तिनं दिलं ते आदल्या दिवशीपर्यंत काळा दोरा असलेलं पुस्तक. नावाड्याच्या पोराची गोष्ट. त्याच्याजवळ एक बासरी असते, ती वाजवली की दगड चालतात, नद्या वाट देतात. त्या बासरीच्या जोरावर पोरगा आभाळापलीकडच्या मुलखात जातो, मेलेल्या आईला परत आणायला. तिथला राजा सांगतो, तुझी जादू इथवर यायला पुरली, पण तिला न्यायला पुरायची नाही. मेलेलं माणूस कुठल्याच जादूनं परतत नसतं. मग पोरगा आईच्या उशाला बसतो, तिला ओंजळीनं पाणी पाजतो, आणि एकटाच परत फिरतो.

पुस्तक देऊन आली आणि आठवडाभर तिचं कशात चित्त लागेना. भातातलं तण काढताना हात चालत होते, पण डोळ्यांपुढं रिकामं कपाट. मास्तर वाटेत भेटले तरी "जयभीम" म्हणून सरळ पुढं जात. चेहऱ्यावरून काही कळेल तर ते मास्तर कसले! आपण त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं, आता काही खरं नाही, असं तिला वाटू लागलं. तरी दुसरं पुस्तक द्यायला हवं होतं, असं मात्र एकदाही वाटलं नाही.

रविवार उजाडला. वंदना झाली. कुणीही उठलं नाही. मास्तर समोर येऊन उभे राहिले. हात रिकामे.

दामूनं केशरबाईकडं पाहिलं. केशरबाईनं कपाटाकडं पाहिलं.

"पुस्तक कुटं हाय, मास्तर?" गोजराबाईनं न राहवून विचारलं.

"घरी हाय."

"वाचून व्हायचंय?"

"झालं. बुधवारीच झालं." मास्तर थांबले. "आता दुसऱ्यांदा वाचतोय."

मास्तर खाली बसले, सगळ्यांच्या रांगेत, आणि सतरंजीकडं बघत बोलू लागले. "माजी आय गेली तवा मी खडकीला कारखान्यात पाळीवर हुतो. सांगावा आला हुता. मला वाटलं, पाळी संपवून जाऊ. पोचलो तवा सगळं आटपलं हुतं. तीस वर्सं मी त्या दोऱ्यावर राग धरला. बापावर धरला. पर त्या पोरानं आयेला पाणी तरी पाजलं. मी तेवढंबी केलं न्हाई."

गेणबानं डोळे पुसले. मास्तरांचे डोळे कोरडेच होते, पण आवाज त्यांचा राहिला नव्हता.

"दोरं पुन्यांदा बांधायचं न्हाईत," मास्तर म्हणाले. "नंबर घाला. पर पुस्तकं हितंच राहत्यात. आन कुणाला कंचं द्यायचं, त्यात मीसुद्धा बोलणार न्हाई. त्यातलं केशरबाईंना कळतंय."

केशरबाईचा ऊर भरून आला. भरल्या विहारात, मास्तरांच्या तोंडून, हे. तिला वाटलं उठून वस्तीभर ओरडत सुटावं. पण ती बसली होती तिथंच ताठ बसून राहिली.

"ते पुस्तक," मास्तर हळूच म्हणाले, "आनखी थोडं दिस ठेवलं तर चालंल का?"

"ठेवा की," केशरबाई म्हणाली. "सावकाश वाचा."