देवाला सांगितलेला पत्ता

माझा साखरपुडा मोडता मोडता राहिला. कारण मुलगा नव्हता, मी नव्हते, देणंघेणं तर नव्हतंच. कारण होतं देवापुढे बोललेलं एक वाक्य, आणि बोलणारे होते माझे बाबा.

आम्ही बोरिवलीचे, मूळ मालवणकडचे. तो मुलुंडचा, मूळ कराडकडचा. घाटावरून आलेल्या माणसांना आमच्या घरात सरसकट ‘घाटी’ म्हणतात. रागाने नाही हो! भाजीवाला घाटी, माझे गणिताचे सर घाटी, आईची जिवाभावाची मैत्रीणसुद्धा घाटीच. हा शब्द समोरच्याला लागतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही एका मुलीने महिनाभर बोलणं टाकलं तेव्हा. म्हणून साखरपुड्याआधी आठवडाभर मी बाबांचं डोकं खाल्लं. "बाबा, त्यांच्यासमोर तो शब्द काढायचा नाही."

"माका खुळो समाजलंस काय गो?" म्हणाले. त्यांच्यासमोर बोलणार नाही, असं वचनही दिलं. आणि पाळलं! त्यांच्यासमोर नाही बोलले. देवासमोर बोलले.

आमच्याकडे शुभकार्याला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस नारळ हातात धरून देवाला सगळी हकिगत मोठ्याने सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचं. पाहुण्यांना हे मीच हौसेने समजावलं होतं. वर म्हटलं, जितकं जोरात ओरडाल तितकं देवाला लवकर पोचतं. शहाणी ना मी! मुलाच्या काकांना ही कल्पना भलतीच आवडली. ते बेसिनवर जाऊन घसा साफ करून आले.

बाबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आमचां एकुलतां एक चेडू घाट्यांच्या घरात जाता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका सगळ्यांत जोरात.

"घाटी माणसां तोंडाची फटकळ, पण मनान वायट नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता नुसते आमच्याकडचेच. काका एकटे अर्ध्यात अडकले.

"तेंका माशाची आमटी करूक येना नाय. तेंका शिकाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

वाट लागली! गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत, तोडलं तर अपशकुन. मी डोळे वटारले, पण बाबांचे मिटलेलेच. शेवटी जीव तोडून खोकले. बाबा न थांबता म्हणाले, "चेडवाक खोकलो झालो हा, तो बरो कर रे म्हाराजा!"

या मागण्याला मात्र दोन्हीकडच्यांनी एका आवाजात होकार दिला.

नारळ फुटला. त्याच्या आई उठल्या, पर्स काखेत मारली आणि मुलाला म्हणाल्या, "चल." तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आत्ता ही बाई दाराबाहेर गेली की संपलं सगळं, एवढंच डोक्यात.

बाबांना खरंच काही कळेना. "अहो, शिवी नाही दिली मी! देवाला पत्ता नको सांगायला? मुलुंडात हजारो घरं. आशीर्वाद भलत्याच्या घरी गेला म्हणजे?"

काकांनी चक्क मान डोलावली. त्यांना हा मुद्दा पटला होता. मला मात्र कपाळ कुठे आपटू असं झालं.

त्याच्या आई दारापाशी थांबल्या. "घाटकोपरला एका बिल्डिंगीत पंधरा वर्सं धुणीभांडी केली मी," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "ह्याचे वडील गेल्यावर. त्याच्यावरच ह्याला शिकवला. ‘घाटीण आली का? घाटणीला चहा द्या.’ माणसं वाईट नव्हती. दिवाळीला साडी द्यायची. पण माझं नाव न्हाई विचारलं कुणी. काम सोडलं त्या दिवशीसुद्धा न्हाई."

बाबांच्या हातात नारळाची दोन भकलं तशीच, पाणी मनगटावरून खाली गळतंय. आयुष्यात कुणाची माफी मागितली नसेल या माणसाने. तेव्हाही नाही मागितली. आत जाऊन दुसरा नारळ घेऊन आले, त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमचं नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. वडिलांचं नाव आणि माहेरचं गावही सांगितलं.

बाबा परत देवापुढे उभे राहिले. या वेळी डोळे उघडे ठेवून, अडखळत, प्रमाण मराठीत. "देवा महाराजा, माझी मुलगी या बाईंच्या घरी जातेय," असं म्हणून बाबांनी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. काकांचा आवाज पार जिन्यात ऐकू गेला असेल. त्याच्या आईंनी पर्स खाली ठेवली आणि त्या बसल्या. मला हुंदका आला. सगळ्यांना वाटलं, आनंदाचा.

तसं नव्हतं. शरमेने रडत होते मी. आमचं जमल्यापासून आठ महिने मी त्यांच्या हातचं जेवत होते. माझ्या मोबाईलमध्ये त्या ‘मुलुंडच्या आई’ होत्या. त्यांचं नाव मीही त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं.